शेवटचं जहाज आणि माझी दाढ

"आ करा," ठोसर मॅडम म्हणाल्या.

मी आ केला. त्यांनी कपाळावरचा दिवा लावला आणि माझ्या तोंडात डोकावून बघितलं.

"कुठली?"

मी बोट घालून दाखवली.

"ही उजवी आहे."

मी मान हलवली.

"काल डावी होती."

तोंड उघडं असलं की एक बरं असतं, उत्तर द्यावं लागत नाही. मी नुसता घशातून आवाज काढला. तो 'हो'ही वाटला असता आणि 'नाही'ही. मॅडमनी चिमट्याच्या मागच्या टोकानं उजव्या दाढेवर टकटक केलं, मी कळवळलो. डाव्या दाढेवर केलं, कळवळलो. मग त्यांनी पुढच्या दातावर केलं आणि मी तेव्हाही कळवळलो. कुठं थांबायचं ते आपल्याला कळत नव्हतं.

"म्हणजे सगळंच तोंड दुखतंय," असं म्हणून त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि मला लवंगेच्या तेलाची बाटली देऊन बाहेर घालवलं.

हे झालं अंटार्क्टिकावर, चौदा वर्षांपूर्वी, फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात. माझं तोंड अगदी ठणठणीत होतं.

मी तुळशीराम उबाळे, करमाळ्याचा. साखर कारखान्यात जनरेटर सांभाळायचो. पेपरात जाहिरात आली, अर्ज केला, आणि निवड झालीसुद्धा. गावानं असा काही सत्कार केला की विचारू नका. शाल, नारळ, बँड आणि चौकात वीस फुटी फ्लेक्स. त्यावर माझ्या शेजारी एक पांढरं अस्वल उभं होतं. अंटार्क्टिकात अस्वलं नसतात हे सांगायला माझी जीभ रेटली नाही, कारण फ्लेक्स सरपंचांनी स्वतः करून घेतला होता. सरपंच भाषणात म्हणाले, "तुळशीराम तिथं अख्खा हिवाळा काढणार आहे. आपल्या तालुक्यातून पहिला." मी हात जोडले. हिवाळा म्हणजे आमच्याकडे स्वेटर आणि हुरडा.

किनाऱ्यालगतच्या खडकावर आमचं स्टेशन होतं. उन्हाळ्यात तिथं पन्नासएक माणसं असायची, आणि मार्चच्या सुरुवातीला शेवटचं जहाज उन्हाळी तुकडीला घेऊन परत निघायचं. मागं उरणार होतो आम्ही तेवीस. पुढचं जहाज नऊ महिन्यांनी.

त्यामुळे फेब्रुवारीत नुसती झुंबड. जहाजातून डिझेल ओढून टाक्या भरायच्या, तर नळी गळतेय का ते बघायला दोन दिवस पाळीपाळीनं तिच्याशेजारी बसायचं. तिन्ही जनरेटर खोलून, पुसून, परत जोडायचे. उन्हाळी झोपड्यांच्या पाइपांतलं पाणी काढून टाकायचं, नाहीतर ते गोठून पाइप फुटतात. कांदे एकेक करून फडक्यानं पुसायचे. अंडी दर आठवड्याला उलटी करायची, आणि कुठली उलटी केली, कुठली राहिली यावरून दर आठवड्याला भांडायचं.

ही सगळी कामं मी आनंदानं केली. माझे गुरू होते भुजंग खताळ, उन्हाळी तुकडीचे मेकॅनिक. सिन्नरकडचे, पन्नाशीचे, ही त्यांची चौथी वारी, आधी हिवाळाही काढलेला. मी त्यांना काका म्हणायचो. एका सकाळी आम्ही दोघं स्टेशनच्या दारापासून जनरेटरच्या शेडपर्यंत जाड दोर बांधत होतो. अंतर असेल ऐंशी पावलं. ऊन पडलं होतं, समोर निळा समुद्र.

"काका, एवढ्यासाठी दोर कशाला? शेड समोर तर दिसतेय."

"आत्ता दिसतेय," काका गाठ आवळत म्हणाले. "जूनमध्ये वारा सुटला की तुझा हात तुला दिसायचा नाही. दोराला धरून जायचं, दोराला धरून यायचं. एकदा एकानं दोर सोडला, नाक शिंकरायला."

"मग?"

"मग काय, सापडला. पण नऊ तासांनी. तोवर नाक शिंकरायची गरज राहिली नव्हती."

त्या माणसाचं पुढं काय झालं ते मी विचारलं नाही. माझी गाठ मात्र सोडली आणि परत दुप्पट आवळून बांधली. दोन महिने सूर्यच उगवणार नाही, हे मला प्रशिक्षणात सांगितलं होतं. पण ते ऐकलं होतं गोव्यात, आणि गोव्यात ते खरं वाटत नाही.

घरी जायचंय म्हणून सांगण्याची सोय नव्हती. चौकात अस्वल उभं होतं. कारण असं हवं होतं की मी रडत-रडत नाही म्हणावं आणि लोकांनी मला ढकलत जहाजावर चढवावं. प्रशिक्षणातली सगळी व्याख्यानं मी विसरलो होतो, एक वाक्य सोडून: दातांची तक्रार असलेला माणूस हिवाळ्यात ठेवायचा नाही, कारण तिथं दातांचा डॉक्टर नसतो.

डॉक्टर होत्या ठोसर मॅडम. कालिंदी ठोसर, संगमनेरच्या, बाळंतपणाच्या डॉक्टर. तीन हजार बाळंतपणं केलेली, स्वतःला नातवंडं झालेली बाई. मुलं मार्गी लागली, आता थंड हवेच्या ठिकाणी जाऊन यावं, असं म्हणून इथवर आलेल्या. निघण्याआधी त्यांना दातांचंही दोन आठवड्यांचं शिक्षण दिलं होतं, प्लॅस्टरच्या जबड्यांवर. हे मला ठाऊक होतं. त्या खऱ्या दाढेसाठी किती आसुसलेल्या आहेत, हे ठाऊक नव्हतं.

दाढदुखीचं सगळ्यांत मोठं संकट म्हणजे जेवण. आमचे आचारी सदानंद पेडणेकर, वेंगुर्ल्याचे. शेवटचं जहाज जाणार म्हणून त्या आठवड्यात त्यांनी हात मोकळा सोडला होता. सोमवारी कोंबडीवडे, बुधवारी सुरमई. मी गालावर हात ठेवून ताटासमोर बसलो.

"काय झाला?" पेडणेकरांनी विचारलं.

"दाढ."

"माझ्या जेवणाक आजपर्यंत कोणी नाय म्हणूक नाय."

"मी पण म्हणत नाही हो. दाढ म्हणतेय."

त्यांनी ताट उचललं आणि वाटीभर पेज आणून ठेवली. नुसती पेज, वर मिठाचा खडा. दुसऱ्या दिवशी पेज. तिसऱ्या दिवशीही पेज, आणि शेजारी बसून खताळकाका सुरमईचा काटा चोखताना जो आवाज काढत होते, तो मला अजून ऐकू येतो.

चौथ्या दिवशी मला धान्याच्या कंटेनरात खोकी रचायला लावलं. तेवीस माणसांचं नऊ महिन्यांचं जेवण, आणि मी तीन दिवसांचा उपाशी. तांदूळ रचला, डाळ रचली. मग एका खोक्यावर लिहिलेलं दिसलं: चिक्की. मी दार ओढून घेतलं. पहिली वडी कडाक्कन मोडली, दुसरी मोडायच्या भानगडीत पडलो नाही, तशीच तोंडात घातली. दोन्ही दाढांनी मी ती चिक्की अशी फोडत होतो की कंटेनर घुमत होता.

दार उघडलं. औषधांचं एक खोकं चुकून तिथं आलं होतं, ते शोधत ठोसर मॅडम आल्या होत्या.

माझ्या गालाचा फुगा झाला होता, आणि नेमका उजव्या बाजूला. त्यांनी माझ्याकडं बघितलं, खोक्याकडं बघितलं.

"तिळाची की शेंगदाण्याची?"

"शेंगदाण्याची," मी म्हणालो. म्हणजे तसं म्हणायचा प्रयत्न केला.

त्यांनी एक वडी घेतली, तिथंच उभं राहून शांतपणे खाल्ली, आपलं खोकं उचललं आणि गेल्या.

त्या दिवशी दुपारभर मी वाट बघत राहिलो. आता बोलावतील, आता सगळ्यांसमोर उभं करतील. बोलावणं आलं दुसऱ्या दिवशी सकाळी, आमचे लीडर बरुआसाहेब यांच्याकडून. ते आसामचे, खडकांचे अभ्यासक, कुणाला काही वाईट सांगायचं असलं की आधी चहा द्यायचे. मला चहा दिला.

"डॉक्टरांनी लिहून दिलंय," ते हिंदीत म्हणाले. "तुमची दाढ गंभीर आहे. परवाच्या जहाजानं तुम्हाला परत जावं लागेल. मला फार वाईट वाटतं."

मी चहा तसाच धरून बसलो. चिक्की खाताना पकडलेल्या माणसाला हा कागद कसा मिळाला, ते मला कळेना. पण मिळाला तर होता. सुटलो, असं वाटलं. ते सगळं मिळून पाऊण मिनिट टिकलं.

"तुमच्या जागी खताळ राहतील," बरुआसाहेब म्हणाले. "त्यांना विचारलं. ते हो म्हणाले."

मी काकांना शोधत निघालो. त्यांच्या खोलीत बांधलेली बॅग परत उघडलेली होती, आणि घरी न्यायचे कपडे खुंटीला लागले होते. काका उपग्रहाच्या फोनपाशी होते. तो फोन जेवणघराच्या कोपऱ्यात, आणि आवाज विरतो म्हणून सगळे ओरडून बोलायचे. आडोशाला उभं राहायचीही गरज नव्हती.

"हां, मीच. तब्येत बरी आहे. येत नाही. ... नाही, जहाज येतंय, मी येत नाही. ... एकाची दाढ दुखतेय. ... माझी नाही, दुसऱ्याची. ... दुसऱ्याची म्हणजे दुसऱ्या माणसाची. ... त्याच्याच तोंडात आहे. ... हो, दाढ त्याची आणि राहायचं मी. ... नऊ महिने. ... अगं दाढ नाही दुखणार नऊ महिने, मी राहणार नऊ महिने. ... पाडव्याला आता कसा येऊ? ... बाई कुठली आलीय इथं? ... एक डॉक्टर आहेत. ... अगं आजी झाल्यात त्या."

मग बराच वेळ ते नुसतं ऐकत राहिले. "बरं," म्हणाले, फोन ठेवला आणि वळले तर समोर मी.

मला वाटलं, आता दोन शिव्या घालतील. घातल्या असत्या तर बरं झालं असतं. ते माझ्या गालाकडं बघून म्हणाले, "लवंगेचं तेल लावतोस का? कापसाला लाव आणि दाबून धर. जहाज हलतं, त्यात दाढ ठणकली तर माणसाचे हाल होतात." आणि खिशातली आपली कानटोपी काढून माझ्या हातात दिली. "ही ने. गाल झाकला जाईल."

मी तिथून निघालो तो थेट दवाखान्यात.

"मॅडम, दाढ काढा."

मॅडम बँडेजं मोजत होत्या. त्यांनी वर बघितलं. "दुखतेय अजून?"

आता खरं सांगायला काय हरकत होती? पण पाच दिवस पेज पिऊन, तेल लावून, सगळ्यांची सहानुभूती खाऊन झाल्यावर तोंडातून 'नाही' निघेना.

"खूप दुखतेय," मी म्हणालो. "पण काढली तर मी राहू शकेन ना?"

"काढली तर राहू शकाल."

"मग काढा."

"कुठली?"

हा प्रश्न परत आला. मी डोळे मिटले. "तुम्हाला योग्य वाटेल ती."

मॅडमनी हात धुवायला घेतले, आणि एवढ्या उत्साहानं बाही वर सारताना मी त्यांना कधी बघितलं नव्हतं.

पेडणेकरांना माझं डोकं धरायला बोलावलं. बरुआसाहेब स्वतः होऊन आले, लीडर म्हणून आपण हजर असायला हवं म्हणाले. मॅडमनी त्यांच्या हातात दातांची पुस्तिका दिली आणि एकेक पायरी वाचायला सांगितली. सुई टोचली, गाल बधिर झाला. बरुआसाहेबांनी पहिली पायरी वाचली, दुसरी वाचली, तिसरीला आवाज बारीक झाला, आणि चौथ्या पायरीला पुस्तिकेसकट ते खाली बसले. बसले म्हणजे आडवे झाले.

"साहेब पडले," पेडणेकर म्हणाले.

"श्वास चालू आहे ना?"

"चालू आहे."

"मग राहू द्या. डोकं सोडू नका. उबाळ्यांचं."

पुस्तिका बरुआसाहेबांच्या अंगाखाली गेली होती. पण पुस्तक नसेल तर माणूस जे आयुष्यभर केलंय तेच करतो.

"घाबरायचं नाही हं," त्या एकदम वेगळ्याच मऊ आवाजात म्हणाल्या. "पहिली वेळ आहे ना? होतं असं. श्वास आत घ्या. सोडा हळूहळू. शाब्बास. अजून एकदा. कळ आली की ओरडा, लाजायचं नाही इथं कुणी."

मी श्वास घेतला, सोडला. पेडणेकरही माझ्याबरोबर घेत होते, सोडत होते.

"थोडा धीर धरा. झालंच. आता डोकं दिसायला लागलं."

"मॅडम, दाढ आहे ती," पेडणेकर म्हणाले.

"माहीत आहे मला. हां, आली. आली, आली, आली. आली बघा."

काहीतरी कडकन मोडल्यासारखं झालं आणि माझ्या तोंडात एक मोठी मोकळी जागा झाली. मॅडमनी दाढ पांढऱ्या फडक्यात घेतली, उंच धरली, आणि सवयीनं भिंतीवरच्या घड्याळाकडं बघून म्हणाल्या, "अकरा वाजून वीस मिनिटं."

"वजन करूचा?" पेडणेकरांनी विचारलं.

बरुआसाहेबांना शुद्धीवर आणून, चहा देऊन, खोलीत पोहोचवायला पेडणेकर गेले. मी कापसाचा बोळा दाबून बसलो होतो. मॅडम दाढ दिव्याखाली फिरवत होत्या.

"उबाळे, तुम्हाला दुखत नव्हतं."

मी बोळ्यातून "अं" म्हणालो.

"पण ही बघा." त्यांनी दाढ माझ्यापुढं धरली. अक्कलदाढ होती, वाकडी आलेली, आणि मागच्या बाजूला काळं भोक. "पहिल्याच दिवशी दिसली होती मला. तुम्ही दाखवत होतात ती सोडून तिसरीच. जूनमध्ये असे नाचला असतात की दोर सोडून पळाला असतात. काढायचीच होती. म्हटलं, तुम्ही स्वतः म्हणा."

मग माझी काय अवस्था झाली असेल, ते सांगत नाही. मी बोळा बाजूला करून एवढंच विचारलं, "मग घरी जायचा कागद का दिला?"

त्यांनी वही उघडून माझ्यापुढं सरकवली. त्या आठवड्याचं पान. पेडणेकर, कंबर. रेडिओवाला, कानात घंटा. सुतार, छातीत धडधड. बरुआसाहेब, गुडघा. सगळी मिळून अकरा नावं. शेवटचं माझं, आणि माझ्यापुढं लिहिलं होतं: 'तोंड, सगळंच.'

"अकराही जणांना कागद लिहून दिला, तुमचा तेवढा साहेबांकरवी," मॅडम म्हणाल्या. "दहा जणांनी संध्याकाळच्या आत परत आणून दिला. बरं वाटतंय म्हणाले. तुम्ही एकटेच असे निघालात की दाढ द्यायला तयार, पण खोटं बोललो म्हणायला तयार नाही."

"आणि सगळेच गेले असते तर?"

"नाही जात हो. दिवस भरत आले की प्रत्येक बाई मला म्हणते, मॅडम, मला नको हे, मला घरी जाऊ द्या. मी म्हणते, जा. ती चप्पल घालून दारापर्यंत जाते आणि परत येऊन झोपते. अडवलं तर मात्र पळून जायला बघते." त्यांनी वही मिटली. "नऊ महिने काही मला नवीन नाहीत."

दोन दिवसांनी जहाज निघालं. काकांनी बॅग दुसऱ्यांदा भरली. बायकोला परत फोन केला, तर ती म्हणाली, आता काय येऊ नका, मी माझं बहिणीकडं जायचं ठरवलंय. तरी ते निघाले. जहाजावर नेणाऱ्या हेलिकॉप्टरपाशी मी त्यांच्या पाया पडायला वाकलो, तर त्यांनी मला वर उचललं आणि माझ्या कानाशी तोंड आणून, पंख्याच्या आवाजात ओरडून म्हणाले, "माझ्या पहिल्या हिवाळ्याआधी अशीच माझी पाठ गेली होती. तीन दिवस ओणवा चाललो." मग हसत आत चढले.

आम्ही तेवीस जण खडकावर उभे होतो. हेलिकॉप्टर जहाजावर उतरलं, भोंगा वाजला, आणि जहाज हळूहळू वळायला लागलं. डेकवर माणसांची रांग दिसत होती, हात हलत होते. पेडणेकर कंबरेवर हात ठेवून उभे होते, बरुआसाहेब एका पायावर भार देऊन.

माझ्या शेजारी ठोसर मॅडम होत्या. त्या समोर बघत, अगदी हळू म्हणाल्या, "उबाळे, माझं पोट दुखतंय हो. चार दिवस झाले."

"मग सांगितलं का नाही?"

"कुणाला सांगू? डॉक्टर मीच आहे."

त्या चेष्टा करत नव्हत्या. तीन हजार बाळंतपणं केलेली बाई, पण दोन्ही हातांनी पोट धरून उभी होती. जहाज अजून एवढं जवळ होतं की रेडिओवर हाक मारली असती तर हेलिकॉप्टर परत आलं असतं. माझा अर्धा गाल सुजलेला, तोंडात कापूस. मग मी त्यांच्याकडं वळलो आणि जमेल तेवढ्या भारदस्त आवाजात म्हणालो, "जीभ दाखवा."

त्यांनी माझ्याकडं बघितलं.

"दाखवा. लांब काढा."

त्यांनी जीभ काढली. चांगली लांब, जहाजाच्या दिशेनं. तिकडून दुर्बिणीतून बघणाऱ्यांना काय वाटलं असेल ते असो. डेकवरचे हलणारे हात मात्र एकदम थांबले.

मी वाकून, एक डोळा मिटून, नीट तपासली.

"काही नाही," मी म्हणालो. "जहाज दिसेनासं झालं की दुखायचं राहील."

ते दिसेनासं व्हायला तास लागला. पोट दुखायचं काही लगेच राहिलं नाही. पण पेडणेकरांनी आतून हाक मारली तेव्हा आम्ही दोघं जेवायला गेलो, आणि मॅडमनी दोनदा भात घेतला.